पहिले हजार कान

स्पॉटिफायने 2024 च्या सुरुवातीपासून एक नियम लागू केला. मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे निघत नाहीत. कंपनीचं म्हणणं असं, की अशा गाण्यांची रक्कम इतकी किरकोळ असते की ती गाणी सेवांवर पोचवणाऱ्या वितरकाच्या खात्यातच अडकून पडते, कलावंताच्या हाती लागत नाही. शिवाय ही रक्कम कंपनी स्वतःकडे ठेवत नाही, हजाराच्या पुढे गेलेल्या गाण्यांमध्ये ती वाटून दिली जाते. हिशेबापुरतं हे खरं असेलही. भारतात हजार वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याचे शे-दोनशे रुपयांच्या वर क्वचितच होतात. पण ज्याच्या पदरात आधीच काही नाही त्याचं काढून, ज्याच्याकडे आहे त्याच्या ताटात घालायचं, ही या नियमाची दिशा आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या संगीतसेवेने उघडपणे सांगून टाकलं आहे की हजाराच्या आतलं गाणं आमच्या वहीत नाही.

हजार हा आकडा ऐकायला लहान वाटतो. संगीतव्यवसायाची आकडेवारी ठेवणाऱ्या ल्युमिनेट या संस्थेने 2023 सालचा हिशेब मांडला, तेव्हा स्ट्रीमिंगवर एकूण 18 कोटी 40 लाख ट्रॅक होते. त्यांतले 15 कोटी 86 लाख वर्षभरात हजार वेळा किंवा त्याहूनही कमी ऐकले गेले. 4 कोटी 56 लाख एकदाही वाजले नाहीत. म्हणजे शंभरातली पंच्याऐंशीच्या वर गाणी या उंबरठ्याच्या बाहेरच उभी आहेत. त्यांत कच्ची, अर्धवट, कंटाळवाणी गाणी भरपूर असणार. पण त्यांत चांगली गाणी नाहीतच, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकेल का? न ऐकलेल्या गाण्याला वाईट ठरवायचा अधिकार कोणालाच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: नव्या गाण्याला पहिले हजार कान मिळवून देणं ही गाणाऱ्याची एकट्याची जबाबदारी असू नये. ती त्या भाषेत जगणाऱ्या सगळ्यांची आहे. आकाशवाणी, शासन, वृत्तपत्रं, नाट्यगृहं, मंडळं आणि आपण श्रोते, सगळे तिच्यात येतात. मराठीत ही जबाबदारी एकेकाळी बऱ्यापैकी उचलली जात होती. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण ती खाली ठेवली आणि मोबाइलमधल्या यादीकडे बोट दाखवून मोकळे झालो.

एक सिंगल, म्हणजे सुटं प्रसिद्ध केलेलं एकच गाणं, बाहेर यायला काय काय लागतं, हे ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. समजा लातूरची किंवा सावंतवाडीची पंचविशीतली एक मुलगी आहे. ती नोकरी सांभाळून गाणी करते. शब्द लिहिले, चाल बांधली. मग घरातली एक खोली निवडायची, भिंतींना गाद्या-रजया टेकवायच्या, पंखा बंद करायचा, खालच्या रस्त्यावरची वर्दळ थांबेपर्यंत रात्री उशिरापर्यंत थांबायचं आणि तेव्हा आवाज रेकॉर्ड करायचा. ऑडिओ इंटरफेस, कंडेन्सर माइक, बरे हेडफोन हे पगारातून एकेक करून घ्यायचं. बासरी हवी असेल तर बासरीवाल्याला मानधन. मिक्सिंग-मास्टरिंगला साउंड इंजिनिअर. चौकोनी आर्टवर्क काढून देणारं कोणीतरी. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर अशा वितरकांपैकी एकाकडे पैसे भरायचे, तेव्हा ते गाणं स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावनवर पोचतं आणि त्याला आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा क्रमांक, मिळतो. तारीख शुक्रवारची, कारण 2015 च्या जुलैपासून जगभर नवं संगीत शुक्रवारी काढायचं असं ठरलं आहे. त्या शुक्रवारच्या किमान सात दिवस आधी गाण्यांच्या याद्या तयार करणाऱ्या स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं, सोबत थोडक्यात त्याची माहिती लिहायची: भाषा कोणती, प्रकार कोणता, मूड कोणता, वाद्यं कोणती.

इथवर जे काम झालं ते गाण्याचं. आता दुसरं काम सुरू होतं आणि ते पहिल्यापेक्षा जास्त दमवतं. पंधरा-पंधरा सेकंदांचे रील करायचे. ध्रुवपदाचा कुठला तुकडा लोक उचलतील याचा अंदाज बांधायचा. ओळखीच्या माणसांना लिंक पाठवायची आणि आठवड्याने पुन्हा संकोचत विचारायचं, ऐकलंस का. शाळेतल्या मैत्रिणी, ऑफिसमधले सहकारी, मावशी-आत्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप संपले की साधारण दोन-तीनशेवर गाणं थांबतं. त्यापुढे कोणी ओळखीचं नसतं. गाणाऱ्याच्या ओळखी जिथे संपतात तिथून पुढे ते नेणारा कोणीतरी लागतो, आणि तो कोणीतरीच आपल्याकडे उरलेला नाही.

संपादकाकडे पाठवलेल्या त्या माहितीतही एक अडचण दडलेली आहे. भाषेच्या जागी मराठी लिहिलं की गाण्याचा पत्ता जवळपास पक्का होतो. अभंगाला रॉक-फंकची साथ देणारा मुंबईचा अभंग रिपोस्टसारखा बँड, रॅप, इलेक्ट्रॉनिक संगीत, गिटारवरचं हळुवार गाणं, मेटल, अहिराणीतलं लग्नाचं गाणं, हे सगळं मराठी नावाच्या एकाच टोपलीत पडतं आणि त्या टोपलीच्या वरच्या थरात चित्रपटाची गाणी आधीच बसलेली असतात. इंग्रजीत गाणाऱ्या पुण्याच्या ईझी वॉन्डरलिंग्ससारख्या बँडला ड्रीम-पॉप ऐकणारा श्रोता जगात कुठेही सापडू शकतो, कारण त्यांच्या गाण्याची ओळख संगीतप्रकारावरून होते. मराठीत मेटल करणाऱ्या मुलांना मात्र मेटल ऐकणारा मराठी श्रोता गाठायचा असतो आणि तो श्रोता मराठी यादीत गाणी शोधत नाही. मराठी ही भाषा आहे, संगीताचा प्रकार नव्हे. ज्यांना आपली भाषा सर्व प्रकारच्या संगीतात नांदताना पाहायची आहे, त्यांनी या एका गोष्टीवर तरी आवाज उठवायला हवा.

आता थोडं मागे जाऊ. तीन-साडेतीन मिनिटांचं एकटं गाणं ही मराठीला परकी गोष्ट नाही. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचंच गाणं मावायचं आणि मराठी भावगीत त्याच मापात वाढलं. 1930 च्या दशकात जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'रानारानात गेली बाई शीळ' ही कविता गाऊन तिची तबकडी काढली. देशपांडे मेहकरला वकिली करणारे कवी. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या गावातून त्यांचे शब्द अख्ख्या महाराष्ट्रात गेले, ते एका सिंगलवर बसून. कंपनी होती, दुकानं होती, ग्रामोफोन लावून शेजाऱ्यांना बोलावणारी माणसं होती. श्रोता शोधायला कवीला दारोदार फिरावं लागलं नाही.

मग आकाशवाणी आली. पुणे केंद्र 1953 मध्ये सुरू झालं आणि अवघ्या दीड वर्षात, 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या मुहूर्तावर तिथे गीतरामायणाला प्रारंभ झाला. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, आणि या सगळ्याला केंद्राचे सीताकांत लाड यांचं पाठबळ. वर्षभर आठवड्याला एक नवं गाणं, एकूण 56. गीतरामायणाकडे आपण नेहमी भक्तीच्या आणि प्रतिभेच्या अंगाने पाहतो, ते योग्यच आहे. पण त्याची यंत्रणाही पाहण्यासारखी आहे. एका सार्वजनिक संस्थेने कवीला, संगीतकाराला, गायकांना, वादकांना पैसे दिले. ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओ दिला. ठरलेली वेळ दिली. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, गाणं लोकप्रिय झाल्याचा पुरावा आधी मागितला नाही. हजारदा ऐकलं गेलं तर पैसे, असं माडगूळकरांना कोणी सांगितलं नव्हतं. यशवंत देवांसारखा संगीतकार आकाशवाणीत नोकरीला होता. महिन्याचा पगार घेऊन तो नवी गाणी करत होता. आपण ज्याला मराठी भावसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतो, तो या पगारपत्रकावर आणि या वेळापत्रकावर उभा होता. प्रतिभा तेव्हा होती तशी आजही आहे. वेळापत्रक नाही.

यावर कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की ती दारं सगळ्यांना उघडी होती का? नव्हती. ज्या आकाशवाणीचं मी इतकं कौतुक करतो आहे, तिनेच 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती तीन दशकं टिकली. तारवाल्या वाद्यांच्या श्रुती पेटीवर येत नाहीत, हे सांगीतिक कारण अगदीच खोटं नव्हतं. पण त्या एका निर्णयाने कीर्तनापासून तमाशापर्यंत ज्यांची अवघी साथ पेटीवर होती, त्यांच्यासाठी केंद्राचं दार अरुंद झालं. आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली. ती गावोगावच्या जलशांतून, जयंतीच्या मंडपांतून, माणसांच्या तोंडातून पसरली; त्यांना रेडिओची वाट पाहायची सोय नव्हती. शहरी, पांढरपेशा आवडीचा चाळणीसारखा उपयोग झाला आणि त्या चाळणीतून बरंच काही खाली राहिलं. म्हणून जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणणार नाही.

पण वामनदादांच्या गाण्यांचं उदाहरण माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जात नाही, उलट तो अधिक पक्का करतं. त्या गाण्यांना आकाशवाणीने हात दिला नाही, म्हणून समाजाने स्वतःची व्यवस्था उभी केली. 14 एप्रिल, 6 डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन या तारखा ठरलेल्या. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी गाण्यांच्या कॅसेटचे, नंतर सीडींचे ठेले लागायचे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशा गायकांच्या आवाजातली गाणी त्यातून घराघरांत गेली. आजही एप्रिल जवळ आला की नवी भीमगीतं एकामागून एक येत राहतात. त्यांत कव्वालीच्या ढंगाची असतात, रॅप असतो, डीजेवर वाजवायची असतात, एकतारीवर गायलेली असतात. कडुबाई खरात यांच्यासारख्या एकतारीवर गाणाऱ्या गायिकेचा आवाज मोबाइलवरून राज्यभर पोचला, तेव्हा लोक त्याला इंटरनेटचा चमत्कार म्हणाले. मला त्यात इंटरनेटचा वाटा दुसरा वाटतो. पहिला वाटा त्या श्रोत्यांचा, जे पिढ्यान्‌पिढ्या नव्या गाण्याची वाट पाहत आले आहेत, ते आलं की पुढे पाठवतात, मंडपात लावतात, गायकाला बिदागी देऊन बोलावतात.

रायगड-ठाण्याच्या पट्ट्यातली आगरी-कोळी हळदीची गाणी पाहा. लग्नसराई आली की नवी गाणी येतात, बेंजो पार्ट्या ती आठ दिवसांत बसवतात, आणि एका गावच्या हळदीत वाजलेलं गाणं पुढच्या रविवारी खाडीपलीकडे वाजतं. खानदेशातली अहिराणी गाणी याच पद्धतीने लाखोंनी पाहिली जातात. या गाण्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी एक विचार करावा. जिथे नवं गाणं ऐकायची ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ आहे, तिथे अनोळखी कलावंताचं गाणंही चालतं. जिथे ती नाही, तिथे उत्तम गाणंही पडून राहतं. गिटार घेऊन मराठीत स्वतःची गाणी करणाऱ्या मुलांना, मराठी जॅझ किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांना असा मंडप नाही, अशी हळद नाही, अशी जयंती नाही. त्यांच्यासाठी ती जागा कोणीतरी जाणीवपूर्वक तयार करावी लागेल.

चांगलं गाणं आपोआप पोचतंच, असं मानणारे लगेच 'तांबडी चामडी'चं नाव घेतात. 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं हे हाऊस नावाच्या क्लबमधल्या नाचसंगीताच्या ढंगाचं मराठी गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीने काढलं आणि जगभर नाचलं गेलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. मराठी शब्दांवर परक्या देशातली माणसं ठेका धरतात, हे पाहून कोणाला बरं वाटणार नाही? पण हे उदाहरण नेमकं काय सिद्ध करतं? त्या गाण्यामागे नाचाच्या संगीतात मुरलेलं एक मोठं लेबल उभं राहिलं, म्हणजे मी म्हणतो तो पुढे नेणारा तिथे होता. शिवाय ते नाचायचं गाणं आहे. रीलच्या पंधरा सेकंदांत ते पूर्ण समजतं. ज्या गाण्याला उलगडायला दोन मिनिटं लागतात, ज्याची ताकद तिसऱ्या कडव्यात आहे, त्याने काय करावं? 2019 मध्ये मुंबईच्या स्वदेशी या हिप-हॉप समूहाने आरेच्या जंगलावर 'वारली रिव्होल्ट' काढलं. एमसी मवालीचा मराठी रॅप आणि प्रकाश भोईर या वारली कार्यकर्त्याचा आवाज त्यात एकत्र येतो. त्या गाण्याचं मोल किती वेळा वाजलं यावर ठरत नाही. ज्या वर्षी आरेतली झाडं तोडली गेली, त्या वर्षी ते मराठी-हिंदी वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांइतकंच महत्त्वाचं विधान होतं. आपल्या किती संपादकांनी ते त्या नजरेने ऐकलं?

यंत्राच्या, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढचं गाणं सुचवणाऱ्या संगणकी प्रणालीच्या, निवडीवर सगळं सोडलं की गाण्याची घडणच बदलते. तीस सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम मोजला जातो, म्हणून वाद्यमेळाची सुरुवात कापली जाते, आलाप गळतो, ध्रुवपद पुढे ओढलं जातं. स्पॉटिफायचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी डॅनियल एक यांनी 2020 मधल्या एका मुलाखतीत सुचवलं होतं की तीन-चार वर्षांतून एकदा संगीत काढून भागण्याचे दिवस गेले. श्रोत्यांशी सतत संबंध ठेवावा लागेल. ते ज्या धंद्यात आहेत त्याला हे साजेसं आहे. नोकरी सांभाळून गाणाऱ्या माणसाला मात्र याचा अर्थ असा होतो की दर सहा-आठ आठवड्यांनी नवं सिंगल काढ, नाहीतर यंत्र तुला विसरेल. स्पॉटिफायच्या डिस्कव्हरी मोडमध्ये तर कलावंताने आपल्या कमाईतला काही हिस्सा सोडायचा आणि त्या बदल्यात यंत्राने त्याचं गाणं जास्त लोकांपुढे न्यायचं, असा सौदाच आहे. ज्याला अजून काही मिळतच नाही, त्यालाच सूट मागितली जाते.

आणि या शर्यतीत आता न थकणारा स्पर्धक उतरला आहे. फ्रान्सच्या डीझर या सेवेने 2025 च्या जानेवारीत सांगितलं की तिच्याकडे दररोज येणाऱ्या गाण्यांपैकी 10 टक्के पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली आहेत. नोव्हेंबरपर्यंत तो आकडा 34 टक्क्यांवर, दिवसाला सुमारे 50 हजार गाण्यांवर गेला. सतत काहीतरी काढत राहणं हाच निकष असेल, तर माणूस ही पैज हरलेला आहे. माणसाच्या गाण्याला वेगळी वाट हवी आणि ती माणसांनीच काढायला हवी.

जगात अशा वाटा काढलेल्या आहेत. फ्रान्सने 1994 च्या कायद्याने खासगी रेडिओवरच्या गाण्यांत 40 टक्के फ्रेंच भाषेतली असावीत असं ठरवलं, आणि त्यांतली निम्मी नव्या कलावंतांची किंवा नव्या निर्मितीची. फ्रेंच रॅप फोफावला, त्यात या नियमाचा हात होता असं अनेक अभ्यासक मानतात. न्यूझीलंडची लोकसंख्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बेरजेपेक्षा कमीच भरेल. तिथली न्यूझीलंड ऑन एअर ही सार्वजनिक संस्था एकेका सिंगलसाठी निधी देते, ज्यात ध्वनिमुद्रण, व्हिडिओ आणि प्रसिद्धी धरलेली असते. इतकं लांब जायचं नसेल तर मेघालयात जा. तिथल्या राज्य सरकारचा ग्रासरूट्स म्युझिक उपक्रम स्थानिक गायक-वादकांना सार्वजनिक ठिकाणी गाण्याचं मानधन देतो. शिलाँगच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या कानावर नवं गाणं पडतं, ते सरकारने त्याची सोय केली म्हणून.

महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देतं. 'अ' दर्जाला 40 लाख आणि 'ब' दर्जाला 30 लाख, अशी ती योजना आहे. मला ती योजना योग्य वाटते. पण एका चित्रपटाच्या 40 लाखांत, सिंगलला 50 हजार धरले तर 80 नवी गाणी होतात. 80 कवी, 80 संगीतकार, कितीतरी वादक, कितीतरी लहान स्टुडिओ. मराठीला 2024 च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. भाषा जुनी असल्याचा दाखला मिळाला, आता ती आज काय गाते आहे याकडेही पैसा वळवावा. निवडसमितीचा प्रश्न येईल, आणि हार्मोनियमची आठवण ठेवून त्याचं उत्तर द्यावं लागेल. समिती दरवर्षी बदलावी. तिच्यात शास्त्रीय गायकाइतकाच रॅपर असावा, शाहीर असावा, साउंड इंजिनिअर असावा, विदर्भ-मराठवाड्याची माणसं असावीत. गाणी कलावंताचं नाव झाकून ऐकावीत. चुका होतील, पण त्या कोणी केल्या हे तरी कळेल. यंत्राच्या चुकीचा जाब विचारायला समोर कोणी नसतं.

आकाशवाणीकडून तर याहून सोपी अपेक्षा आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली, जळगाव, परभणी, नांदेड, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर आणि पलीकडे पणजी. इतकी केंद्रं, इतके मनोरे, इतके तयार स्टुडिओ. रोज संध्याकाळी अर्धा तास फक्त नव्या स्वतंत्र गाण्यांना दिला, बोलणं धरून सहा गाणी वाजवली, तर वर्षाला दोन हजारांहून अधिक गाणी होतात. जळगावने अहिराणी पाठवावं, रत्नागिरीने मालवणी, अकोल्याने वऱ्हाडी. एकमेकांची गाणी एकमेकांनी वाजवावीत. नवा स्टुडिओ बांधायचा नाही, नवा मनोरा उभारायचा नाही. खासगी एफएमवाल्यांकडून माझी फारशी अपेक्षा नाही, त्यांचं गणित जाहिरातदार ठरवतो. आकाशवाणीचं गणित मात्र आपण ठरवू शकतो, कारण ती आपल्या पैशांवर चालते.

वृत्तपत्रांनाही सांगायचं आहे. दर शुक्रवारी-शनिवारी चित्रपटांना तारे वाटले जातात. पुस्तकांची परीक्षणं रविवारी येतात. त्याच शुक्रवारी मराठीत आलेल्या नव्या गाण्यांबद्दल दोनशे शब्दही कुठे नसतात. आणि आले तरी ते कलावंताने पाठवलेलं निवेदन असतं, ज्यात गाण्याविषयी सोडून सगळं असतं. मला परीक्षण हवं आहे. चाल कुठे पकडते, शब्द कुठे ढिले पडतात, गायकाने कोणता स्वर का टाळला असावा, ड्रम्स जरा जास्तच पुढे आलेत का, हे लिहिणारा माणूस हवा. कडक लिहिलं तरी चालेल. पहिल्या गाण्याला टीका मिळणं हाही मान आहे, कारण टीका करणाऱ्याने ते पूर्ण ऐकलेलं असतं. अशी लिहिणारी मुलं मराठीत आहेत. त्यांना स्तंभ आणि मानधन द्या.

राहिलो आपण, श्रोते. मराठी सुसंस्कृत घरांची एक सवय मला खटकते आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण जुन्या गाण्यांवर प्रेम करतो ते चांगलंच आहे, पण त्या प्रेमाचा आडोसा करून नव्या गाण्याला दाराशी उभंही करत नाही. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम पाहा. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, नागपुरात, आणि आता अमेरिका-आखातातल्या महाराष्ट्र मंडळांतही. भल्या पहाटे तुडुंब भरलेलं सभागृह, उत्तम वादक, नव्या पिढीतले तयारीचे गायक, आणि गाणी सगळी साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. गंमत अशी, नव्हे दुःख असं, की त्या मंचावर गाणाऱ्या तरुण गायक-गायिकांपैकी अनेकांची स्वतःची गाणी प्रसिद्ध झालेली असतात. त्या गाण्यांचं नाव तिथे कोणी काढत नाही. संयोजक म्हणतात लोकांना जुनंच हवं. लोकांना विचारलं कधी?

वीस गाण्यांच्या कार्यक्रमात तीन नवी गाणी घ्यावीत, एवढंच माझं मागणं आहे. ती शेवटी, लोक उठायला लागल्यावर नकोत. मध्यंतराच्या आधी, सभागृह पूर्ण भरलेलं असताना हवीत. निवेदकाने एरवी जशी जुन्या गाण्याची जन्मकथा सांगतो तशी या गाण्याचीही सांगावी. गीतकाराचं नाव घ्यावं, कारण मोबाइलवर ते दोन-तीन ठिकाणी बोट लावल्याशिवाय दिसत नाही. संयोजकांनी आयपीआरएस या, कवी-संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थेच्या परवान्यासोबत वाजवलेल्या गाण्यांची यादी नीट भरावी, म्हणजे कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने कवी-संगीतकारांना जो हक्क दिला आहे त्याचे पैसे खरोखर त्यांच्यापर्यंत जातील. आणि नव्या मंडळींनीही त्या संस्थेचं सभासदत्व घ्यायचा कंटाळा करू नये. आठशे माणसं बसलेल्या सभागृहात निवेदकाने गाणं कुठे मिळेल ते सांगितलं आणि लोकांनी तिथल्या तिथे ते आपल्या यादीत टाकलं, तर एका सकाळीत जे घडेल ते महिनाभर रील टाकूनही घडत नाही.

दिवाळी पहाटेच्या तारखा गणपती उठले की ठरू लागतात. गायक-वादकांशी बोलणी, सभागृहाचं आरक्षण, प्रायोजक, सगळं तेव्हाच. नव्या तीन गाण्यांची नोटेशनं वादकांच्या हाती द्यायला आणि दोन तालमी करायला तेवढा अवधी पुरतो.